भैयाजींची सावली आणि वच्छलाबाईंच्या वड्या

"सूर्य तर रोज आपला आपण उगवतो. मग तुम्ही नेमकं काय करता?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारला. लग्नाची बोलणी चालू होती आणि पोह्यांची बशी माझ्या हातात होती. मी सांगितलं, सोलर पॅनेलचा मेंटेनन्स बघतो. त्यांनी थोडा विचार केला आणि वर छताकडे बघितलं, जणू सूर्यालाच विचारत होते की बाबा, या माणसाची तुला खरंच गरज आहे का. मुलगी दिली त्यांनी, पण माझ्या नोकरीवर त्यांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही.

त्यांना दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांचाही नव्हता. वडील भंडाऱ्याकडून भिलाईला आले आणि स्टील प्लांटमध्ये लागले. आम्ही भावंडं सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये वाढलो. त्या क्वार्टरांमध्ये माणसांच्या दोनच जाती मानत, प्लांटमध्ये लागलेला आणि न लागलेला. मी दुसऱ्या जातीत गेलो. वडील पाहुण्यांना सांगायचे, "पोरगा इलेक्ट्रिकलमध्ये आहे." पाहुणा गेला की आईला म्हणायचे, "काचा पुसून राहिला."

काचा पुसणं हे आमचं अर्धं काम आहे, हे मी कबूल करतो. भिलाईची धूळ साधी धूळ नाही. तिच्यात लोखंड आहे. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो, तिथं उताण्या पडलेल्या काचेचं काय होत असेल? ती धूळ रात्रीच्या दवात भिजते, सकाळी सुकते आणि काचेवर पापडासारखी धरते. म्हणून काच पुसायची ती सकाळी थंड असताना, मऊ फडक्यानं आणि गोड्या पाण्यानं. बोअरच्या जड पाण्यानं धुतली तर धूळ जाऊन चुना बसतो. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकते. एवढं सगळं सांगितलं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता मोलकरणीच्या हातात लोखंडाची घासणी देऊन तिला वर पाठवतं.

उरलेलं अर्धं काम सावली शोधायचं. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. पॅनेल एकेकटं काम करत नाही. ओळीनं जोडलेली असतात. स्लॅब टाकायच्या दिवशी मजुरांची रांग लागते आणि खालून वर घमेली जातात, तसं समजा. मधला एक गडी झोपला तर त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे कितीही कामसू असोत, घमेलं तिथंच अडतं. एका पॅनेलवर सावली पडली की ती ओळच्या ओळ मंदावते. पिंपळाची एक फांदी किंवा शेजाऱ्याची पाण्याची टाकीसुद्धा पुरते. मग घरमालक फोन करून ओरडतो की तुमचं मशीन बोगस आहे.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरायचा नाही. सुपेल्याच्या बाजारात एक कापडवाले शेठजी होते. मे महिन्यात त्यांचा फोन आला की वीज बनणं पार बंद झालं. जाऊन बघतो तर सगळ्या पॅनेलांवर जाड ताडपत्री, वर विटा ठेवलेल्या. शेठजी म्हणाले, "इतनी धूप में माल खराब हो जाता ना भाई. थोड़ी गर्मी कम हो जाए, फिर खोल देंगे." त्यांच्या दुकानात उन्हानं कापडाचा रंग उडतो, म्हणून त्यांनी पॅनेलांनाही माया लावली होती. रसमड्याच्या एका कारखान्याच्या मालकाचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्याच चिमणीचा धूर त्यांच्याच पॅनेलांवर बसायचा आणि मी तसं म्हटलं की ते दुखावायचे. कागदोपत्री त्यांच्या चिमणीतून धूर निघतच नव्हता. त्यामुळे मी दर खेपेला अहवालात "अज्ञात ठिकाणाहून येणारी काजळी" असं लिहायचो आणि ते मला चहा पाजायचे.

पण माझ्या कामात मला एकदाच भीती वाटली, आणि ती विजेची नव्हती. ती गोष्ट वच्छलाबाईंची.

रसमड्याच्या अलीकडे रेल्वे लाइनीला लागून एक वस्ती आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथले बोर्डवाले अजून हयात आहेत आणि सत्तेतही आहेत. वस्तीत बरीचशी आपलीच माणसं, भंडारा-गोंदियाकडून आलेली. कोणी प्लांटमध्ये ठेक्यावर होतं, कोणी रेल्वेत गँगमन होतं. वस्तीच्या मधोमध समाजभवन आहे. त्याच्या सपाट गच्चीवर सरकारनं सोलर पॅनेलं बसवली, खाली बोअरमध्ये पंप सोडला आणि शेजारी टाकी व नळ उभे केले. ऊन असेल तोवर पंप चालणार आणि नळाला पाणी येणार. बॅटरी नाही, बिल नाही. याच्या आधी वस्तीतल्या बाया लाइनीपलीकडच्या एका नळावरून पाणी आणायच्या. लाइनीवर मालगाडी उभी असली की तिच्या खालून वाकून जायच्या. गाडी किती वेळ उभी राहील हे कोणी सांगत नाही, आणि सुटते तेव्हाही आधी कळवत नाही.

तेव्हा पंप आला त्या दिवशी वस्तीनं खरोखर सण साजरा केला. उद्घाटनाला भैयाजी आले. भैयाजी म्हणजे तिथले पुढारी. फीत कापून झाली, आणि काही दिवसांनी समाजभवनाच्या गच्चीवर लोखंडी चौकट उभी राहून तिच्यावर एक भला मोठा फ्लेक्स लागला. भैयाजी हात जोडून उभे, मिशी भरघोस, खाली लिहिलेलं, "घर-घर शुद्ध जल, भैयाजी का हर पल."

त्याच हिवाळ्यात तक्रार आली की दुपारून नळाला पाणी येत नाही. खात्याचे साहेब सकाळच्या गार हवेत पाहणीला गेले, गच्चीवर चढले आणि त्यांना गुन्हेगार सापडला. पॅनेलांवर ओळीनं कोहळ्याच्या वड्या वाळत घातलेल्या होत्या.

आता हिवाळा लागला की भिलाईत कोहळा किसणं आणि उडदाची डाळ वाटणं हा घराघरातला कार्यक्रम असतो. छत्तीसगढी लोक त्याला रखिया बड़ी म्हणतात, आम्ही वड्या म्हणतो, करतो सगळेच. वच्छलाबाई रामटेके या वस्तीतल्या वड्यांच्या मुख्य. नवरा गँगमन होता, तो गेल्यावर त्यांनी वड्या विकून घर चालवलं. त्यांच्या दृष्टीनं सरकारनं गच्चीवर जे बसवलं ते वड्यांसाठीच बसवलं होतं. काच गुळगुळीत, उन्हाकडे कललेली, खालून तापणारी. वडी दोन उन्हांत खडखडीत. मला विचाराल तर पॅनेलाचा इतका समजून केलेला वापर मी कुठल्या इंजिनियराकडूनही पाहिला नाही.

साहेबांनी समाजभवनाच्या गच्चीच्या भिंतीवर सूचना चिकटवली, "पैनल पर बड़ी-पापड़ सुखाना मना है. इस हेतु अन्य उचित स्थान का उपयोग करें." तक्रार निकाली निघाली. वच्छलाबाईंनी वड्या उचलल्या. पाणी मात्र दुपारून बंदच राहिलं. तेव्हा पुन्हा तक्रार झाली आणि या वेळी साहेबांऐवजी मला पाठवलं.

मी गच्चीवर गेलो तर काचा स्वच्छ. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पाहा, चांगलं पाहा," त्या म्हणाल्या. "हाय का एक तरी वडी? आमच्याच वड्यायनं तुमचं पाणी अडलं होतं नं? मंग आता कावून येत नाय?"

"बघतो नं बाई. थोडा वेळ द्या."

"वेळच वेळ हाय जी तुमच्यापाशी. माही सून सातव्या महिन्यात हाय. दुपारून लाइनीपल्याड जाऊन पाणी आणून राहिली, गाडीखालून. मले गुडघ्यानं वाकता येत नाय, नायतं मीच गेली असती."

सून प्रणिता खाली नळाजवळच उभी होती. अंगानं बारकी, पोटानं मोठी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरत दुसरीकडे नजर फिरवली. तक्रार करायची सवय नसलेली मुलगी.

मी गच्चीवरच बसून राहिलो. सकाळभर पंप छान चालला. ऊन डोक्यावरून कललं आणि मला सावली दिसली. नैऋत्येच्या कोपऱ्यात भैयाजींचा फ्लेक्स. हिवाळ्याचा सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात. आधी पहिल्या पॅनेलावर बोर्डाची वरची कड आली, म्हणजे भैयाजींच्या फेट्याचा तुरा. मग खांदे आले. जोडलेले हात दुसऱ्या पॅनेलावर पोचले तेव्हा खाली पंपाचा आवाज बसत गेला आणि मग थांबला. नळाची धार बारीक झाली, थेंब झाले, तेही गेले. वच्छलाबाई माझ्या शेजारी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे तं भैयाजीनं बंद केलं."

आता बिघाड सापडला की दुरुस्ती सोपी असते, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मी सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "बोर्ड आपल्या करारात नाही. तू काच पूस आणि ये." खात्यात गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम लिख के दोगे क्या?" मी म्हटलं, देतो. ते म्हणाले, "मत दो." शेवटी मी भैयाजींचे स्थानिक प्रतिनिधी पिंटूभाऊ यांच्याकडे गेलो. त्यांचं वस्तीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान होतं आणि भैयाजींचे सगळे बोर्ड त्यांच्या देखरेखीखाली होते. मी हात जोडून सांगितलं की बोर्डाची सावली पडते.

पिंटूभाऊंचा चेहरा उजळला. "अरे, भैयाजी की छाया तो पूरे इलाके पर है!"

मी म्हटलं, तेच सांगतोय. मग घमेल्यांची रांग समजावून सांगितली. पिंटूभाऊ हुशार माणूस, त्यांना पटकन समजलं. त्यांनी तोडगाही काढला. बोर्ड हलणार नाही, पॅनेलं हलवा. पॅनेलं हलवली म्हणजे काम नवीन झालं, नवीन कामाचं नवीन उद्घाटन, आणि उद्घाटनाला यापेक्षा मोठा बोर्ड. "ये वाला तो छोटा ही बना था," ते खंतावून म्हणाले.

मी परत आलो. काही दिवस दुसऱ्या कामांत गेले. खोटं कशाला बोलू, मी ती वस्ती टाळत होतो. वीज कुठं अडली ते मला सापडतं, माणूस कुठं अडला तिथं माझा पाना लागत नाही.

मग वच्छलाबाईंनी निरोप धाडला. गेलो तर त्यांनी एक वस्तू माझ्यासमोर ठेवली. पाणी भरायची पितळेची गुंडी होती. होती म्हणजे, आता थाळी झाली होती. चपटी, कडा फाटलेल्या.

प्रणिता गाडीखालून अलीकडे आली होती. गुंडी आधी रुळावर टेकवून ठेवली होती आणि ती उचलायला ती मागे वळणार, तेवढ्यात गाडीनं झटका घेतला. तिनं हात मागे घेतला. गुंडी राहिली.

"माह्या लग्नातली होती," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिच्यासाठी नाय रडून राहिली मी. गुंडी गेली तं गेली. उद्या का जाईन ते सांगा मले."

प्रणिता दाराशी बसली होती, दोन्ही हात पोटावर. ती म्हणाली, "मी आता ध्यान ठेवीन आई." तिचं हे वाक्य ऐकून मला फार लाज वाटली. तिच्याकडून कुठं चूक झाली होती?

मी गच्चीवर गेलो. उगाचच सगळे नटबोल्ट तपासले. फ्लेक्स चौकटीला बारीक तारेनं बांधलेला होता, तेही बघितलं. वच्छलाबाई धापा टाकत वर आल्या, आणि आम्ही दोघं तिथं उभे राहून भिंतीवरच्या त्या सूचनेबद्दल थोडं बोललो. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली.

"अन्य उचित स्थान म्हंजे?"

"म्हणजे दुसरी योग्य जागा, बाई. पॅनेल सोडून."

"सपाट पाह्यजे, नाय का? अन् थोडी मोठी."

"हो."

"हं," त्या म्हणाल्या.

मी खाली उतरलो तेव्हा माझी पक्कड गच्चीवरच राहिली. तुम्हाला वाटेल मुद्दाम ठेवली. हत्यार विसरायची मला सवय नाही, एवढंच सांगतो.

दोनच दिवसांत पिंटूभाऊंचा फोन आला, ताबडतोब या. समाजभवनासमोर गर्दी. आम्ही दोघं जिना चढून वर गेलो. लोखंडी चौकट रिकामी उभी होती, तिच्यातून आभाळ दिसत होतं. आणि गच्चीवर, पॅनेलांपासून चांगलं अंतर राखून, फ्लेक्स उताणा अंथरलेला. त्याला तेलाचा हात फिरवलेला. त्यावर ओळीनं कोहळ्याच्या वड्या. भैयाजींच्या कपाळावर, गालांवर आणि जोडलेल्या हातांवर वड्या होत्या. मिशीवर सगळ्यात जास्त, कारण काळ्या रंगावर ऊन चांगलं धरतं. वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि काठ्या हातात घेऊन कावळे हाकलत होत्या.

"ये क्या है?" पिंटूभाऊंचा आवाज चिरकला. "भैयाजी के मुँह पर बड़ी?"

"वाऱ्यानं पडला बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या. "रात्री असा वारा सुटला! सकाळी पाहतो तं खाली. आमी म्हटलं, धुळीत लोळून राहिला, बरं नाय दिसत. उचलून नीट अंथरला."

"और बड़ी?"

वच्छलाबाईंनी भिंतीवरची सूचना दाखवली. "ते पाहा नं जी. सरकारी हाय. पॅनलवर वाळवू नका, दुसऱ्या उचित जागी वाळवा. आता भैयाजीपरीस उचित जागा आमाले कुठं भेटन?"

कोणी हसलं नाही. मी तर दूरच्या चिमणीकडे बघत होतो. पिंटूभाऊंनी वाकून एक वडी उचलायला बघितली. ती ओली होती, भैयाजींच्या डाव्या डोळ्याचा थोडा रंग घेऊन वर आली. तो फ्लेक्स पुन्हा लावण्याजोगा राहिला नव्हता, हे त्यांनाही दिसलं. पोलिसांत द्यावं तर तक्रारीत काय लिहायचं? भैयाजींच्या तोंडावर वड्या घातल्या, हे लिहिलं की आठवडाभरात सगळ्या जिल्ह्याला कळलं असतं. पिंटूभाऊ कपाळाला हात लावून गच्चीच्या भिंतीला टेकून बसले.

तेव्हा मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात उत्तम तांत्रिक मार्गदर्शन केलं. म्हटलं, "पिंटूभाई, नया वाला उत्तर की तरफ लगाओ. इधर कौन देखता है? गली के कुत्ते. उधर से ट्रेन जाती है. पूरा हिंदुस्तान देखेगा."

पिंटूभाऊ उठले. उत्तरेला गेले, हाताची चौकट करून लाइनीकडे बघितलं. "पूरा हिंदुस्तान," ते पुटपुटले. उत्तरेकडच्या वस्तूची सावली पॅनेलांवर सहसा येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

नवा बोर्ड खरोखर पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि उत्तरेला आहे. पंप ऊन मावळेपर्यंत चालतो. खात्याच्या दप्तरी मात्र असं नोंदलेलं आहे की लाभार्थींनी पॅनेलांवर वड्या वाळवणं बंद केल्यामुळे समस्या दूर झाली. त्याच्याखाली सही माझी आहे. ती सही मला अजून बोचते. काजळी अज्ञात ठिकाणाहून आली, असं लिहिताना एवढं बोचत नव्हतं.

आता गुडघे शिडीला नाही म्हणतात, म्हणून मी काम सोडलं. ठेकेदारीत निरोपसमारंभ नसतो, हत्यारांची पेटी जमा करून घेतात. सोडण्याआधी एकदा त्या वस्तीत जाऊन आलो. दुपार चांगली कलली होती आणि नळ वाहत होता. प्रणिताची मुलगी, चांगली चुरूचुरू बोलणारी, नळाखाली पाय धरून उभी होती आणि आई ओरडत असूनही हटत नव्हती. पलीकडे लाइनीवर मालगाडी उभी होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गाडीखाली जाणाऱ्या पायवाटेवर गवत माजलं होतं.

गच्चीवर जुन्याच फ्लेक्सवर वड्या वाळत होत्या. त्याच्यावर आता चेहरा असा उरला नव्हता, नुसती मिशी. वच्छलाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला पिशवीभर वड्या दिल्या आणि माझी पक्कडही परत दिली, तेल लावून जपून ठेवलेली.

एवढ्यात नात ओल्या पायांनी वर आली आणि उत्तरेच्या बोर्डाकडे बोट करून तिनं विचारलं, "आजी, ते कोन हाय?"

वच्छलाबाईंनी मान वर करून भैयाजींकडे बघितलं. हात जोडलेले, मिशी भरघोस, नजर लाइनीवर.

"ते होय?" त्या म्हणाल्या. "ते आपल्या वड्यायवरचे कावळे हाकलते."